दुहेरी भिंतीची शीतपेटी : रोटोमोल्डिंग प्रकल्पाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२४

मासेमारीच्या बोटीवर आणि जेट्टीवर वापरता येईल अशी, सुमारे शंभर लिटर क्षमतेची दुहेरी भिंतीची शीतपेटी रोटोमोल्डिंगने तयार करण्याचे काम आज अधिकृतपणे सुरू झाले. रोटोमोल्डिंग म्हणजे प्लास्टिकची पावडर भरलेला बंद साचा ओव्हनमध्ये दोन अक्षांवर फिरवत तापवून पोकळ वस्तू घडवणे. आपल्या कारखान्यात आजवर पाण्याच्या टाक्या आणि रस्त्यावरचे अडथळे झाले. ती सगळी एकेरी भिंतीची, मोकळी-ढाकळी वस्तू होती. या पेटीत बाहेरची भिंत, आतली भिंत आणि त्या दोहोंना जोडणारी वरची कड हे सगळे एकाच वेळी, एकसंध तयार व्हायचे आहे आणि मधल्या पोकळीत नंतर पॉलियुरेथेन फोम भरायचा आहे.

हीच पद्धत का, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. थर्माकोलच्या पेट्या एका हंगामात कोपऱ्यांतून फुटतात आणि त्यांचे गोळे समुद्रात जातात. फायबरच्या पेट्या टिकाऊ असल्या, तरी आपटून तडा गेला की पाणी थेट फोममध्ये शिरते आणि ओला फोम थंडावा धरत नाही. इंजेक्शन मोल्डिंगने पेटी करायची, तर आतला व बाहेरचा भाग वेगळा काढून जोडावा लागेल. शिवाय त्या पद्धतीतला दाब सोसणारा पोलादी साचा काही शे किंवा काही हजार नगांच्या मागणीला परवडत नाही. रोटोमोल्डिंगमध्ये साच्यावर दाब जवळजवळ नसतोच, त्यामुळे पातळ ओतीव ॲल्युमिनियमचा साचा चालतो आणि पेटीला एकही सांधा राहत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पहिल्या पेट्या ऑगस्टच्या सुरुवातीला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पोहोचायला हव्यात, अशी मागणी आहे.

१५ एप्रिल

मापे निश्चित केली. आतील माप ७५० × ४२० × ३३० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १०४ लिटर. भिंतीची एकूण जाडी सर्वत्र ४५ मिलिमीटर. त्यामुळे बाहेरील माप ८४० × ५१० × ३७५ होते. प्लास्टिकची जाडी सरासरी ४ मिलिमीटर धरली आहे.

यावरून कच्चा माल किती लागेल, ते काढले. आतल्या-बाहेरच्या सर्व पृष्ठांचे मिळून क्षेत्रफळ साधारण २.६४ चौरस मीटर भरते. त्याला ४ मिलिमीटरने गुणले आणि पॉलिथिलिनची घनता ०.९३८ धरली, तर एका पेटीला ९.९ किलो पावडर लागते. रोटोमोल्डिंगमध्ये जास्तीचा माल बाहेर वाहून जायला वाट नसते. साच्यात जितके वजन टाकाल, तितकेच वजन वस्तूच्या रूपाने बाहेर येते. म्हणून तराजूवरचा हा आकडा म्हणजेच सरासरी जाडीचा आकडा होय. ती जाडी कुठे किती वाटली जाईल, हे मात्र तराजू सांगत नाही आणि या प्रकल्पातला खरा प्रश्न तोच राहणार, असे आत्ताच दिसते.

आणखी एक हिशोब आवश्यक होता. वितळण्यापूर्वी पावडर फुगीर असते. तिची भरणघनता सुमारे ०.३६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. म्हणजे ९.९ किलो पावडर साडेसत्तावीस लिटर जागा व्यापते. दोन भिंतींमधली पोकळी सुमारे ५७ लिटरची आहे, म्हणजे सुरुवातीला ती निम्मी पावडरने भरलेली असेल. हे चालण्यासारखे आहे. पण खर्च वाचवण्यासाठी भिंत २५ मिलिमीटरची करावी, अशी जी सूचना आली होती, ती मान्य केली असती, तर पोकळी जेमतेम तीस लिटरची उरली असती आणि पावडरीला आत हलायलाच जागा राहिली नसती. दोन समांतर भिंतींतले अंतर प्लास्टिकच्या जाडीच्या निदान पाचपट असावे, हा या धंद्यातला ठोकताळा आहे. आपण त्याच्या बरेच पलीकडे आहोत, हे चांगले.

२२ एप्रिल

साच्याचे रेखाटन कोल्हापूरच्या ओतकाम करणाऱ्या कारागिरांकडे दिले. साचा तीन भागांचा : बाहेरची चौकट, तळाची प्लेट आणि पेटीची आतली बाजू घडवणारा गाभा. गाभा आतून पोकळ, म्हणजे एका खोल बादलीसारखा आहे आणि त्याची पोकळ बाजू ओव्हनच्या हवेला उघडी राहील.

ओतीव साच्याला दोन वेळा आकुंचन धरावे लागते. ॲल्युमिनियम स्वतः थिजताना आकसते, म्हणून लाकडी नमुना मोठा करावा लागतो. नंतर त्या साच्यातले पॉलिथिलिन थंड होताना पुन्हा दोन-तीन टक्के आकसते, म्हणून साचाही मोठा हवा. बाहेरच्या भिंती आकसून साच्यापासून सुटतात, तर आतल्या भिंती गाभ्यावर आवळल्या जातात. त्यामुळे बाहेरच्या भिंतींना एक अंशाचा उतार पुरेल, पण गाभ्याला अडीच अंशांचा द्यावा, असे ठरले. त्यासाठी आतील तळाचे माप किंचित कमी होईल, ते मान्य केले.

कोपऱ्यांना सढळ गोलाई दिली आहे. धारदार कोपऱ्यात पावडर पूल बांधून बसते आणि खाली पोकळी राहते.

६ मे

पावडर आली. लिनियर लो-डेन्सिटी पॉलिथिलिन, पांढरा रंग व अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे घटक आधीच वितळवून मिसळलेले, नंतर दळलेले. टाक्यांच्या कामात आपण कधीकधी सुका रंग पावडरीत ढवळून वापरतो. तसे केले की रंगाचे कण पावडरीच्या कणांभोवती बसतात आणि दोन कण एकजीव व्हायच्या जागीच आडवे येतात. पेटीचा मार खाण्याचा गुण त्याने घटतो. बोटीवर आपटणाऱ्या वस्तूसाठी वितळवून मिसळलेलाच माल वापरायचा, यावर मी ठाम आहे. मासे प्रत्यक्ष आत ठेवले जाणार असल्याने मालाला अन्नसंपर्कासाठीच्या आयएस १०१४६ या मानकाचा दाखला असल्याशिवाय पोते उघडायचे नाही, असेही स्टोअरला लेखी दिले.

पावडरीच्या तीन चाचण्या केल्या. चाळणी : सर्व माल ५०० मायक्रॉनच्या आत असावा लागतो, जाड कण उशिरा वितळतात, तर अतिबारीक धूळ लवकर पेटून उठल्यासारखी चिकटते आणि पिवळी पडते. भरणघनता ०.३६ मिळाली. कोरडा प्रवाह, म्हणजे १०० ग्रॅम पावडर ठरावीक नरसाळ्यातून गळायला लागणारा वेळ, २७ सेकंद आला. चक्कीची पाती बोथट झाली किंवा दळताना तापमान वाढले, की कणांना शेपट्या फुटतात, त्या एकमेकींत अडकतात आणि हा वेळ वाढतो. भिंगाखाली पाहिले, कण बटाट्याच्या फोडीसारखे आखूड-गोलसर आहेत आणि शेपट्या फारशा नाहीत. अरुंद पोकळीत ही पावडर वाहील, अशी खात्री वाटते.

१४ मे

पहिली तापण. ओव्हन २९० अंश, मुख्य अक्ष मिनिटाला ८ फेरे, दुय्यम अक्ष १० फेरे. या धंद्यात गुणोत्तर काढताना मुख्य अक्षाचे फेरे हे दुय्यम आणि मुख्य यांच्या फरकाने भागतात. म्हणजे ८ भागिले २, चारास एक. चौकोनी घाटाच्या वस्तूंसाठी याच गुणोत्तराने आरंभ करण्याची प्रथा आहे.

मशीनवर नव्याने आलेल्या मुलांचा एक समज दूर करायला हवा होता, म्हणून येथे नोंदवतो. साचा फिरतो म्हणून प्लास्टिक भिंतीकडे फेकले जाते, असे त्यांना वाटते. आपल्या आर्मवर, म्हणजे साचा धरून फिरवणाऱ्या यंत्राच्या दांड्यावर, साचा अक्षापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर आहे. मिनिटाला आठ फेऱ्यांनी तिथे जो केंद्रोत्सारी परिणाम होतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम सव्वाचार टक्के भरतो. त्याने पावडर कुठेही फेकली जात नाही. ती सदैव साच्याच्या तळाशीच लोळत असते. साचा तिच्याभोवती फिरतो आणि एकेक पृष्ठ तिच्याखालून नेतो. जे पृष्ठ पुरेसे तापलेले असते, त्याला थोडी पावडर चिकटते. घावनाचे पीठ तापल्या बिडावर पडताच धरते आणि गार बिडावर नुसते वाहते, तसाच हा प्रकार आहे. फिरण्याचे काम प्रत्येक पृष्ठाला पावडरीची भेट घडवणे एवढेच. चिकटायचे की नाही, ते उष्णता ठरवते.

सतरा मिनिटांनी आर्म बाहेर काढला, पंख्याने आणि नंतर पाण्याच्या फवाऱ्याने थंड केला. पेटी सुटली. बाहेरून देखणी. उद्या कापायची.

१६ मे

पेटी मधोमध उभी-आडवी कापून जाडी मोजली. बाहेरच्या भिंती ४.७ मिलिमीटर, बाहेरचे कोपरे पाचाच्या वर. आतल्या उभ्या भिंती ३.२, आतला तळ २.२ आणि तळाच्या मधोमध एका ठिकाणी २ पेक्षाही कमी. वजनाची बेरीज बरोबर लागते, सरासरी चारच येते, पण जिथे बर्फाची लादी आदळणार, तिथेच प्लास्टिक सर्वांत पातळ.

कापलेल्या कडेवरून नखाने चाचपले, तरी फरक कळतो. बाहेरच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत, मेणासारखा. आतल्या तळाचा, पोकळीकडचा पृष्ठभाग मात्र खरबरीत, वाळूचा कागद असावा तसा. तिथे पावडर चिकटली, पण पुरती वितळून सपाट झालीच नाही.

कारण स्पष्ट आहे. साच्याच्या बाहेरच्या चौकटीवर ओव्हनची गरम हवा सतत आदळते. गाभ्याची पोकळी ३३० मिलिमीटर खोल आहे. तिच्यात एकदा शिरलेली हवा तिथेच कोंडून राहते, आपली उष्णता देऊन गार होते आणि नवी हवा आत येत नाही. बाहेरची चौकट आधी तापते, पावडर तिथे आधी चिकटते आणि गाभा चिकटण्याजोगा तापेपर्यंत पोकळीतली निम्म्याहून अधिक पावडर संपलेली असते.

२० मे

उपायांवर बैठक झाली. ओव्हनमध्ये अधिक वेळ ठेवावे, ही सूचना सर्वांत आधी आली आणि ती का चालणार नाही, हे सविस्तर लिहून ठेवणे गरजेचे वाटते. वेळ वाढवल्याने आतल्या तळाचा खरबरीतपणा जाईल, कारण चिकटलेली पावडर पुरती वितळेल. पण जाडी वाढणार नाही. पॉलिथिलिन वितळले, तरी ते पाण्यासारखे वाहत नाही, इतके घट्ट असते. एकदा बाहेरच्या भिंतीला धरलेली पावडर तिथून उठून आत येत नाही. उलट, बाहेरची भिंत जादा शिजून पिवळी आणि ठिसूळ होईल. पावडर वाढवण्याचाही उपयोग नाही. जादा वजनाचा मोठा वाटा पुन्हा बाहेरच्या भिंतीलाच जाईल आणि पेटी उगाच जड होईल.

वाटणी बदलायची असेल, तर पावडर सैल असतानाच्या पहिल्या काही मिनिटांत गाभा आणि चौकट बरोबरीने तापायला हवेत. त्यासाठी दोन गोष्टी करायच्या ठरल्या. गाभ्याची ॲल्युमिनियमची भिंत ८ मिलिमीटरची ६ करायची, म्हणजे तापवायला धातूच कमी राहील. आणि आर्ममधून जाणाऱ्या दाबाच्या हवेच्या नळीवर हवा खेचणारे व्हेंचुरी बसवून त्याचे तोंड गाभ्याच्या पोकळीत वळवायचे. थोड्याशा दाबाच्या हवेच्या जोरावर ते ओव्हनमधली पुष्कळ गरम हवा खेचून गाभ्याच्या तळावर सोडते आणि कोंडलेली हवा कडांनी बाहेर पडते.

२८ मे

व्हेंचुरी बसवून तापण घेतली. ओव्हन तेच, वेळ तोच, वजन तेच. बदल एकाच गोष्टीत, म्हणजे परिणाम कशाचा ते नेमके कळेल. कापून मोजल्यावर बाहेरच्या भिंती ४.२, आतल्या उभ्या ३.७, आतला तळ ३.४. एकही ग्रॅम न वाढवता तळाला मिलिमीटरहून अधिक मिळाले. माझ्या मते या प्रकल्पाचा निर्णायक दिवस हाच.

३१ मे

आजपासून साच्याच्या आतल्या हवेचे तापमान मोजायला सुरुवात केली. ओव्हनच्या तबकडीवर २९० दिसते, पण त्यावरून प्लास्टिकवर काय गुदरते आहे, ते कळत नाही. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, बर्नर मळलेला असताना, साचा आधीच्या फेरीतून कोमट असताना तीच तबकडी वेगवेगळी पेटी देते. साच्याच्या आतील हवेचे तापमान हाच भरवशाचा आकडा आहे. हे तंत्र बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात विकसित झाले आणि रोटोमोल्डिंग हा केवळ सवयीवर चालणारा धंदा न राहता मोजमापाचा झाला, तो प्रामुख्याने त्यामुळे. आपण व्हेंटच्या, म्हणजे साच्यातली हवा ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या, नळीतून तापयुग्म (तापमान मोजणारी तारांची जोडी) आत सोडले आणि नोंदयंत्र उष्णतारोधक डब्यात घालून आर्मवरच बांधले.

आलेखावर सगळी कथा वाचता येते. आधी रेघ सरळ चढते. तेव्हा पावडर सैल असते. शंभर अंशांच्या पुढे-मागे चढ मंदावतो, कारण येणारी उष्णता पावडर वितळवण्यात खर्ची पडू लागते. सगळी पावडर भिंतीला लागली, की रेघ पुन्हा उभी चढते. या टप्प्यावर वस्तू तयार झाली, असे बाहेरून वाटते; प्रत्यक्षात वितळलेल्या थरात कणांमध्ये अडकलेल्या हवेचे असंख्य बुडबुडे असतात. द्रव घट्ट असल्याने हे बुडबुडे तरंगत वर येत नाहीत. तापमान वाढत जाते, तसतशी त्यांच्यातली हवा प्लास्टिकमध्ये विरघळते आणि ते जागच्या जागी आकसून नाहीसे होतात. त्यासाठी आतली हवा साधारण २०० अंशांपर्यंत पोहोचावी लागते. आर्म ओव्हनबाहेर आल्यावरही साच्याच्या धातूतली उष्णता आत जात राहते आणि रेघ आणखी काही अंश चढून मगच वळते. म्हणून १९० ला बाहेर काढले, तर शिखर दोनशेच्या आसपास मिळते.

उतारावर साधारण ११५ अंशांपाशी रेघ काही वेळ आडवी पडते. प्लास्टिक स्फटिकरूप होताना स्वतः उष्णता सोडते, त्याची ती खूण. त्यानंतर एके ठिकाणी उतार एकदम मंदावतो : पेटी आकसून साच्यापासून सुटली आणि मध्ये हवेचा थर आला.

५ जून

शिखर तापमान बदलून पेट्या काढल्या आणि त्यांचे तुकडे −४० अंशांपर्यंत गारठवून त्यांवर वजन पाडले. रोटोमोल्डिंगमध्ये ही चाचणी मुद्दाम इतक्या थंडीत करतात, कारण साध्या तापमानाला अर्धवट शिजलेले पॉलिथिलिनही मार सहन करून जाते आणि दोष लपतो.

१७५ अंशांचे तुकडे काचेसारखे फुटले. काटछेदात संपूर्ण जाडीभर बुडबुडे. १९५ ते २०५ मधल्या तुकड्यांत वजनाने खोलगट खळगा पडला, कडा ताणल्या गेल्या, पण तडा गेला नाही. काटछेदात फक्त पोकळीकडच्या पृष्ठाजवळ तुरळक बारीक बुडबुडे. २३० चे तुकडे एकही बुडबुडा नसलेले, पण पोकळीकडून पिवळसर, उग्र वासाचे, आणि पुन्हा ठिसूळ. हवेच्या संपर्कात असलेला तो पृष्ठभाग ऑक्सिडीकरणाने खराब झाला होता. तेव्हा थोडे बुडबुडे उरलेली पेटीच चांगली पेटी, ही गोष्ट तपासनिसाच्या तक्त्यात लिहायला हवी. नाहीतर कोणीतरी बुडबुडे घालवण्याच्या नादात वेळ वाढवत नेईल.

१३ जून

पावसाने जोर धरला. पॉलिथिलिन दमट हवा शोषत नाही, पण गार गोदामातून आणलेल्या पोत्यात बाष्प धरते. पोती आदल्या दिवशीच मशीनजवळ आणून ठेवायची.

१९ जून

आठवडाभर थंड करण्याच्या पद्धतीवर काम केले. फक्त बाहेरून पाणी मारले, तर बाहेरची भिंत झटकन थिजते आणि आतली मऊच राहते. मग आतली भिंत उशिरा आकसताना सगळी पेटी ओढते आणि लांब बाजू आत वाकतात. पहिल्या पेट्यांत हा वाक आठ मिलिमीटरपर्यंत होता, म्हणजे झाकण बसणे शक्यच नाही. फार सावकाश थंड करणेही बरे नाही : स्फटिक अधिक वाढतात, आकुंचन वाढते आणि मार सहन करण्याची शक्ती कमी होते.

गाभ्यात गरम हवा सोडणारे तेच व्हेंचुरी थंड करतानाही चालू ठेवले, आता कारखान्यातली साधी हवा खेचत. स्फटिकीकरणाचा आडवा टप्पा सरेपर्यंत फक्त हवा, दोन्ही बाजूंनी; नंतर बारीक फवारा. वाक दोन मिलिमीटरवर आला.

व्हेंटकडेही लक्ष द्यावे लागले. थंड होताना साच्यातली हवा आकसते आणि व्हेंट तुंबलेला असेल, तर आत निर्वात होऊन बाहेरची हवा सांध्यातून मऊ प्लास्टिक भेदत आत शिरते. सांध्याच्या रेषेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात ती यामुळेच. टेफ्लॉनच्या नळीत पोलादी तारांचा लोकर-बोळा दर पाळीला नवा घालायचा. व्हेंटची जागा तळाच्या बाहेरच्या बाजूला अशा ठिकाणी घेतली आहे, की त्याचेच भोक पुढे फोम भरायला उपयोगी पडते.

साचा उघडण्याचे तापमान हा वेगळाच तोल आहे. पेटी फार गार झाली, की गाभ्यावर घट्ट आवळते आणि ओढताना साच्याचा मुलामा खरवडला जातो. फार गरम असली, की बाहेर आल्यावर वाकते. आतली हवा ७५ अंशांच्या आसपास असताना काढणे आणि लगेच लाकडी चौकटीत अडकवून ठेवणे, हे सर्वांत समाधानकारक ठरले.

३ जुलै

फोम भरणे सुरू. पोकळीत प्लास्टिक सोडून सुमारे ४६ लिटर जागा आहे. घनमीटरला ४० किलो घनता धरली, तर १.८५ किलो फोम पुरतो, पण दाटून भरावा म्हणून १० टक्के जादा घेतो. फुगताना फोम दोन्ही भिंतींना चांगलाच रेटतो, म्हणून पेटीला बाहेरून चौकट आणि आतून घट्ट बसणारा लाकडी ठोकळा देऊनच भरायचे. मोल्डिंगनंतर किमान एक दिवस पेटी तशीच ठेवायची, म्हणजे तिचे उरलेसुरले आकुंचन होऊन जाईल.

पॉलिथिलिनला फोम नीट चिकटत नाही, ही या जोडीची उपजत अडचण आहे. त्यावर आतल्या तळाला आणि बाहेरच्या तळाला काही ठिकाणी शंकूच्या आकाराने एकमेकांना भेटवणारे टेकू साच्यातच घ्यावेत, असा विचार होता. टेकूमुळे पेटी मजबूत होईल, पण प्रत्येक टेकू म्हणजे बर्फाकडे उष्णता नेणारी सलग प्लास्टिकची वाट. तळाला दोनच टेकू ठेवले आहेत; भिंतींना बारीक पन्हळी दिल्या आहेत, म्हणजे फोम त्यांत अडकून राहतो.

पावसाळी हवेत आयसोसायनेटची, म्हणजे फोमच्या मिश्रणातल्या एका घटकाची, पिंपे उघडी राहिली, तर ते हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावते आणि फोमचा दर्जा बिघडतो. त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे. योग्य गाळणीचा मुखवटा आणि चालू पंखा असल्याशिवाय मिश्रण करायचे नाही, मग तातडी कितीही असो.

१७ जुलै

बर्फाची चाचणी. आधी कागदावरचा हिशोब : फोमची जाडी ३७ मिलिमीटर, झाकणासह सरासरी क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर, बाहेर २५ अंश, आत शून्य. पेटीत सुमारे २७ वॅट उष्णता शिरेल. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे दिवसाला ७ किलो बर्फ वितळायला हवा. ऑक्टोबरच्या उन्हात, बाहेर ३२ अंश असताना, हाच आकडा ९ होईल.

पेटी काठोकाठ ठेचलेल्या बर्फाने भरली. पहिला दिवस पेटी स्वतः गार होण्यात जातो, तो सोडून दिला. दुसऱ्या दिवसापासून निचऱ्याच्या तोटीतून आलेले पाणी तोलले. दिवसाला ८.४ किलो. फरक कुठून येतो, ते शोधायला झाकणाच्या कडेने उदबत्ती फिरवली. मागच्या बिजागरीपाशी धूर आत ओढला जात होता. झाकणाच्या कडेला रबरी पट्टीसाठी खोबण आहे, पण झाकण मधून किंचित फुगलेले असल्याने मागच्या कोपऱ्यांत पट्टी दाबलीच जात नव्हती. झाकणाचा साचा आर्मवर उलट्या बाजूने बसवून, रुंद पृष्ठावर पंख्याची हवा समान पडेल, असे केले. नव्या झाकणासह पाणी ७.५ किलो. हे मला मान्य आहे.

३१ जुलै

मिरकरवाड्याला पेट्या नेल्या. एका अनुभवी तांडेलाने पेटी हाताळून दोन गोष्टी सांगितल्या, त्या तशाच उतरवतो. निचऱ्याचे भोक तळापासून वर आहे, त्यामुळे दोन बोटे पाणी आत साचून राहते आणि खालचे बांगडे त्या पाण्यात भिजून पांढरे पडतात. भोक अगदी तळाशी हवे आणि तळाला त्याच्याकडे उतार हवा. दुसरे, बाजूच्या मुठी दोरीच्या आहेत त्या उत्तम, पण त्यांची भोके आरपार फोममध्ये जाऊ नयेत. दुसरी बाब आपण आधीच सांभाळली आहे : मुठीच्या जागी पितळी आटेवाले नट साच्यातच बसवले जातात आणि त्यांच्याभोवती प्लास्टिक सलग असते.

पहिली दुरुस्ती गाभ्यावर करावी लागेल. तळाला पाच मिलिमीटरचा उतार द्यायचा, तर गाभ्याचा तळ घासून वेल्डिंगने एका बाजूस भर घालावी लागेल. भर घातलेल्या जागी धातू जाड होईल, तो उशिरा तापेल आणि नेमका निचऱ्याजवळच तळ पातळ होईल. त्यामुळे नुसती भर न घालता मागून तितकाच धातू कोरून काढून जाडी ६ मिलिमीटरच राखायची, असे ओतकामवाल्यांना कळवले.

२१ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा परवाच झाली. बऱ्याच बोटी आता पूर्ण जोमाने जाऊ लागल्या आहेत. दुरुस्त गाभ्यावरची पेटी कापली : निचऱ्याजवळ ३.३ मिलिमीटर, उरलेल्या तळाला ३.४. उताराने सर्व पाणी निघते.

मशीनवर लावायचा तक्ता आज पक्का केला. पावडर ९.९ किलो, चाळणी व प्रवाह तपासलेली. फेरे ८ आणि १०. ओव्हन २९० अंश. आतली हवा १९० ला पोहोचताच बाहेर, मग घड्याळ काहीही म्हणो. व्हेंचुरी पहिल्या मिनिटापासून, तापवताना आणि थंड करतानाही. आडवा टप्पा सरेपर्यंत हवा, नंतर फवारा. ७५ अंशांना साचा उघडायचा. दर पाळीची पहिली पेटी आतल्या तळाच्या मधोमध अल्ट्रासोनिक जाडीमापकाने मोजायची आणि ३.२ मिलिमीटरच्या खाली आकडा आला, तर काम थांबवून आधी व्हेंचुरीची नळी आणि तिचा दाब तपासायचा.